सांधा आधी निखळतो : अ‍ॅक्शन फिगरची जीर्णता, डागडुजी आणि इतिहास

१/
१९८० च्या दशकातला पावणेचार इंची ‘जी. आय. जो’ सैनिक आज खोक्यातून बाहेर काढला, की बहुधा एकच अनुभव येतो. चेहरा शाबूत असतो, गणवेशाचा रंगही बऱ्यापैकी टिकलेला असतो. पण कंबरेवर थोडासा ताण पडताच आतले काळे रबरी कडे तुटते आणि धड एका हातात, पाय दुसऱ्या हातात राहतात. प्लॅस्टिक शेकडो वर्षे नष्ट होत नाही, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. मग प्लॅस्टिकची ही खेळणी चाळीस वर्षांतच का मोडकळीस येतात? आणि मोडल्यावर ती दुरुस्त करावीत की तशीच राहू द्यावीत? आजचा धागा या दोन प्रश्नांविषयी.

२/
विषय हौशी संग्राहकांचा वाटेल. पण प्रश्न इतिहासाचाच आहे. नाण्याची झीज, ताम्रपटाची तुटलेली कडी, पोथीवरचा कसरीचा मार्ग यांकडे अभ्यासक दोष म्हणून पाहत नाही, पुरावा म्हणून पाहतो. खेळण्यालाही तोच न्याय लावता येतो. वस्तू नेमकी कुठे मोडते, यावरून ती कोणत्या काळात, कोणत्या काटकसरीने आणि कोणत्या दडपणाखाली घडली, हे कळते. दुरुस्ती मात्र दुधारी असते. ती वस्तूला वाचवते आणि त्याच वेळी तो पुरावा पुसूही शकते.

३/
हलत्या अवयवांचे खेळणे प्लॅस्टिकपेक्षा फार जुने आहे. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर मान हलवणारे मातीचे बैल सापडले आहेत. डोके वेगळे घडवून ते दोऱ्याने धडाला जोडलेले असे. माती चार हजारांहून अधिक वर्षे टिकली. दोरा केव्हाच कुजला. रोममध्ये १८८९ साली न्यायालयाच्या इमारतीसाठी खोदकाम चालू असताना क्रेपेरेइया ट्रायफेना या तरुणीची दगडी शवपेटी सापडली. तिच्यात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील हस्तिदंती बाहुली होती आणि त्या बाहुलीचे हातपाय सांध्यांत हलत होते. हालचाल जिथे आहे तिथे सांधा आहे आणि सांधा जिथे आहे तिथे झीज आहे. पुढची सारी कथा या एका सूत्राची आहे.

४/
फेब्रुवारी १९६४. न्यूयॉर्कच्या खेळणी-जत्रेत हॅसनफेल्ड ब्रदर्स, म्हणजेच पुढची ‘हॅस्ब्रो’, या कंपनीने साडेअकरा इंचांचा एक सैनिक मांडला. पाच वर्षांपूर्वी, १९५९ साली, मॅटेलच्या बार्बीने बाजार जिंकला होता. मुलांसाठी तसेच काही करावे, ही कल्पना परवाना-व्यवसायातील स्टॅन वेस्टन यांनी हॅस्ब्रोच्या डॉन लेव्हिन यांच्याकडे आणली होती. अडचण नावाची होती. ‘बाहुली’ म्हटले, तर मुलगे हात लावणार नाहीत आणि बाप विकत घेणार नाहीत, अशी धास्ती होती. म्हणून ‘अ‍ॅक्शन फिगर’ हा नवा शब्द रूढ करण्यात आला. शब्दातच हालचालीचे वचन होते. ते वचन पाळण्याचा भार सांध्यांवर आला.

५/
या सैनिकाला एकवीस हलते भाग होते. कोपर, गुडघे यांसारख्या ठिकाणी धातूचे रिव्हेट आणि धडाच्या पोकळीत पायांना ताणून धरणारी इलॅस्टिकची दोरी, अशी त्याची रचना. कडक प्लॅस्टिकचे कवच अजूनही उत्तम टिकून आहे. दोरी मात्र सैल पडते आणि मग सैनिक उभा राहायचा सोडून ढेपाळतो. जुनी दोरी काढून नवी ओवणे ही अ‍ॅक्शन फिगरची पहिली ‘शास्त्रोक्त’ दुरुस्ती. मोहेंजोदडोच्या बैलाचा दोरा आणि पॉटकेट गावच्या या सैनिकाची दोरी, दोघांचे दुखणे एकच आहे.

६/
याच सैनिकाच्या अंगावर दोषाची एक गमतीदार खूण आहे. उजव्या हाताच्या अंगठ्याचे नख उलट्या बाजूला कोरले गेले आहे. ही चूक दुरुस्त झाली नाही आणि पुढे तीच नक्कल ओळखण्याची खूण ठरली. मानवी आकृतीवर मालकीहक्क सांगणे अवघड. पण चुकीचे नख आणि गालावरचा व्रण जसाच्या तसा उतरवणारा नकलाकार मात्र सहज सापडतो. पाठीखालच्या कोरीव मजकुरावरून कालनिर्णयही होतो. आरंभीच्या सैनिकांवर पेटंट प्रलंबित असल्याचा उल्लेख आहे. १९६६ साली पेटंट मिळाल्यानंतर तिथे पेटंटचा क्रमांक येऊ लागला. शिलालेख वाचणाऱ्याला ही पद्धत परकी वाटणार नाही.

७/
आता पहिला मोठा ऱ्हास. व्हिएतनाम युद्धाविषयी अमेरिकेत नाराजी वाढली, तसा हॅस्ब्रोने १९७० च्या सुमारास सैनिकाचा साहसवीर केला. रंगवलेल्या केसांच्या जागी बारीक तंतूंचे खरेखुरे वाटणारे केस आले. पाठोपाठ ब्रिटनमधील पॅलिटॉय कंपनीने आपल्या ‘अ‍ॅक्शन मॅन’ला वस्तू पकडू शकतील असे मऊ हात दिले आणि १९७४ साली हॅस्ब्रोने तेच हात ‘कुंग-फू ग्रिप’ या नावाने गाजवले. मुलांना ते अतिशय आवडले. आज मात्र त्या मालिकेतील असंख्य पुतळ्यांना बोटेच नाहीत. तंतूंचे केस विरळ झाले आणि मऊ बोटे कडक होऊन एकेक गळून पडली.

८/
असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र. पीव्हीसी हे प्लॅस्टिक मुळात कडक असते. त्याला मऊपणा येतो तो आत मिसळलेल्या प्लॅस्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवामुळे. हा द्रव प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जखडलेला नसतो. शंकरपाळ्याच्या पिठातील मोहनासारखा तो केवळ आत मुरलेला असतो. वर्षे लोटतात तसा तो हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतो. प्रथम वस्तू चिकट होते, तिच्यावर धूळ बसते. पुढे तो उडून किंवा पुसला जाऊन निघून जातो आणि मागे आक्रसलेले, ठिसूळ पीव्हीसी उरते. चिकटपणा आणि ठिसूळपणा हे एकाच रोगाचे दोन टप्पे आहेत.

९/
यातून एक व्यावहारिक सावधगिरी निघते. चिकट झालेला पुतळा वारंवार स्पिरिटने पुसणे म्हणजे आतला द्रव बाहेर येण्यास वाट करून देणे. शिवाय हा द्रव शेजारच्या प्लॅस्टिकलाही सोडत नाही. मऊ पीव्हीसीचा पुतळा आणि पॉलिस्टायरिनची बंदूक एकमेकांना टेकून वर्षानुवर्षे पडून राहिली, तर बंदूक विरघळल्यासारखी होऊन चिकटते. खोक्यात सगळे एकत्र भरून ठेवण्याची आपली सवय नेमकी इथे घातक ठरते.

१०/
दुसरे वळण खनिज तेलाचे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली. प्लॅस्टिकचा कच्चा माल तेलातूनच येतो. त्यामुळे साडेअकरा इंचांचा पुतळा महाग पडू लागला. मोठा ‘जो’ अमेरिकेत १९७६ साली थांबला. या माघारीची कारणे अनेक आहेत, पण तेलाची किंमत त्यांत ठळकपणे सांगितली जाते. आखातातील राजकारणाचा परिणाम पेनसिल्व्हेनियातल्या किंवा ओहायोतल्या एखाद्या मुलाच्या खेळण्याच्या उंचीवर होतो, हे जागतिक इतिहास समजून घेण्याचे उत्तम उदाहरण आहे.

११/
२५ मे १९७७ रोजी ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला. खेळण्यांचा परवाना सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे होता. एवढे यश कोणी गृहीत धरले नव्हते. नाताळपर्यंत पुतळे तयार होणे अशक्य होते. केनरने चक्क पुठ्ठ्याचे पाकीट विकले. त्यात एक प्रमाणपत्र होते. ते पाठवले की पुढील वर्षी ल्यूक, लेया, च्यूबाका आणि आर-टू-डी-टू असे चार पुतळे घरी येणार. उंची ठरली पावणेचार इंच. एवढ्या आकारात माल कमी लागतो आणि अवकाशयानेही परवडणाऱ्या मापात बनवता येतात. सांधे केवळ पाच : मान, दोन खांदे, दोन मांड्यांचे सांधे.

१२/
घाईने सुरू झालेल्या या उत्पादनाच्या खुणा पुतळ्यांवरच आहेत. आरंभीच्या काही पुतळ्यांच्या हातातील प्रकाशखड्ग दोन टप्प्यांत बाहेर सरकत असे. त्याचे टोक इतके बारीक होते की ते सहज तुटे. लवकरच ते सोपे करून एकाच टप्प्याचे केले गेले. ‘जावा’ या बुटक्या पात्राचा झगा प्रथम व्हिनाइलचा होता. तो स्वस्त दिसतो म्हणून कापडाचा केला गेला. उत्पादकाने जे दोष म्हणून काढून टाकले, तेच आज सर्वाधिक मोलाचे ठरले आहे. सुधारलेला नग सामान्य. बिघडलेला नग दुर्मीळ.

१३/
तिसरे दडपण कायद्याचे. १९७८-७९ च्या सुमारास मॅटेलच्या एका अवकाशयानातून सुटणारे छोटे क्षेपणास्त्र घशात अडकून एका बालकाचा मृत्यू झाला. त्याच काळात केनर ‘बोबा फेट’च्या पाठीवरून सुटणारे रॉकेट देणार होती. ते वचन मागे घेण्यात आले आणि ग्राहकांच्या घरी गेलेल्या पुतळ्यांत रॉकेट पक्के बसवलेले होते. १ जानेवारी १९८० पासून अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील सुट्या लहान भागांवर निर्बंध आले. बोबा फेटच्या पाठीवरचा तो न हलणारा भाग म्हणजे ग्राहकसंरक्षणाच्या इतिहासाची छोटी नोंद आहे. आपल्याकडे खेळण्यांना बीआयएसचे मानक सक्तीचे झाले ते १ जानेवारी २०२१ पासून.

१४/
आता पुन्हा त्या काळ्या रबरी कड्याकडे. १९८२ साली हॅस्ब्रोने ‘जी. आय. जो’ पावणेचार इंचांत परत आणला. स्टार वॉर्सच्या पाच सांध्यांपुढे याचे गुडघे, कोपर आणि कंबरही हलत होती; १९८३ पासून बाहूही दंडाशी फिरू लागला. कंबरेचे रहस्य म्हणजे ओ-रिंग. पायांना जोडणारा धातूचा आकडा, त्यात अडकवलेले रबरी कडे आणि ते कडे छातीच्या पोकळीत ताणून धरलेले. पाठीवर एक छोटा स्क्रू. तो सोडवला की पुतळ्याचे सगळे भाग सुटे होतात.

१५/
रबर हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन यांनी कालांतराने कडक होते, त्यावर भेगा पडतात आणि ते तुटते. म्हणजे हा दोष रचनेतच होता. पण त्या रचनेत एक औदार्यही होते : स्क्रू. मॅटेलच्या ‘ही-मॅन’चे पायसुद्धा आत रबरानेच धरलेले आहेत, परंतु त्याचे धड चिकटवलेले आहे, ते उघडायचे तर कढत पाण्यात मऊ करून पाते घालावे लागते. केनरच्या पुतळ्यांचे दोन अर्धेही कायमचे जोडलेले. ‘जो’ मात्र बारीक पेचकसाने दोन मिनिटांत उघडतो, योग्य मापाचे कडे घातले की पुन्हा उभा राहतो. दोष टाळता येत नसेल, तर दुरुस्तीची वाट ठेवावी, हे शहाणपण त्या एका स्क्रूमध्ये आहे.

१६/
कडे बदलता येते; अंगठा बदलता येत नाही. या पुतळ्यांचे हात कडक प्लॅस्टिकचे आणि बंदुकीची मूठ जाड. मुठीत बंदूक घालताना अंगठा तुटणे हा या मालिकेचा सर्वज्ञात दोष. दुसरा मांड्यांच्या मध्ये. आकडा जिथून जातो ती पट्टी अरुंद असल्याने तीही मोडते. म्हणूनच जुना पुतळा पाहणारा जाणकार चेहऱ्याआधी अंगठे पाहतो. मंदिर पाहायला गेलेला मूर्तितज्ज्ञ जसा आधी आयुधे धरलेले हात पाहतो, तसे.

१७/
इथे या कथेत गोवा येतो. खेळण्याचा पोलादी साचा अतिशय महाग असतो. अमेरिकेत त्याचे काम संपले की तो इतर देशांत पाठवला जाई. ब्राझीलमध्ये एस्त्रेला, अर्जेंटिनात प्लास्तिरामा आणि भारतात फनस्कूल. टायर बनवणाऱ्या एमआरएफने हॅस्ब्रोच्या सहकार्याने १९८७ साली फनस्कूलची स्थापना केली आणि तिचे उत्पादन गोव्यातील कारखान्यातून होऊ लागले. १९९० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या मुलांच्या हाती आलेला ‘जो’ बहुधा अमेरिकेतून आलेला नव्हता; तो गोव्यात घडलेला होता.

१८/
गोव्याच्या पुतळ्यांत साचा तोच, स्क्रू आणि ओ-रिंगची रचना तीच. पण रंग निराळे. एकच पात्र वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या छटांत रंगवले गेले. मूळ अमेरिकी आवृत्तीशी न जुळणारे गणवेश आले. शुद्धतेच्या दृष्टीने पाहिले तर हा दर्जाचा दोष. परंतु १९९४ मध्ये अमेरिकेत ती मालिका बंद पडल्यावर तिथले संग्राहक याच भारतीय पुतळ्यांकडे वळले आणि ‘चुकीचे’ रंग हेच त्यांचे आकर्षण ठरले. एखादा ग्रंथ प्रदेशोप्रदेशी नकलला जाताना पाठभेद तयार होतात आणि पुढे ते पाठभेदच ग्रंथाच्या प्रवासाचा नकाशा बनतात. फनस्कूलचे रंग हे असे पाठभेद आहेत. म्हणून गोव्याचा पुतळा अमेरिकी रंगांत पुन्हा रंगवणे ही दुरुस्ती नव्हे, तो पाठ खोडणे होय.

१९/
काही दोषांवर मात्र उपायच नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही ‘ट्रान्सफॉर्मर्स’ खेळण्यांत सोनेरी झाक असलेले चमकदार प्लॅस्टिक वापरले गेले. रंगासाठी मिसळलेल्या चकाकत्या कणांमुळे प्लॅस्टिकची एकसंधता कमी झाली असे मानले जाते. परिणाम मात्र निर्विवाद आहे : वर्षानुवर्षे न हाताळलेले खेळणेसुद्धा पहिल्यांदा उघडताना बिस्किटासारखे भुगा होते. जपानमध्ये १९८८ साली आलेला ‘ब्लॅक झॅरॅक’ यासाठी कुप्रसिद्ध आहे. संग्राहक या विकाराला ‘गोल्ड प्लॅस्टिक सिंड्रोम’ म्हणतात. डिंक लावला तर शेजारचा भाग तुटतो. इथे एकच मार्ग : न हलवता ठेवणे. हालचालीसाठी जन्मलेली वस्तू स्थिर ठेवूनच जगते.

२०/
पांढऱ्या आणि करड्या एबीएस प्लॅस्टिकचे दुखणे वेगळे : ते पिवळे पडते. अतिनील किरण, उष्णता आणि ऑक्सिजन यांनी त्यातील रबरसदृश घटकाचे विघटन होते. २००८ च्या सुमारास जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींनी यावर उपाय शोधला : हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अतिनील प्रकाशात ठेवणे. ‘रेट्रोब्राइट’ या नावाने तो खेळण्यांपर्यंत पोहोचला. पिवळेपणा जातो, हे खरे. पण विघटन झालेले प्लॅस्टिक मूळ स्थितीला परत येत नाही. रंग पुन्हा पिवळा पडल्याची, पांढरे चट्टे उठल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आरशाला पांढरा रंग लावून म्हातारपण लपवण्यासारखा हा प्रकार आहे.

२१/
१९९० च्या दशकात गिऱ्हाईक बदलले. मूल मागे सरले, प्रौढ संग्राहक पुढे आला. टॉड मॅकफार्लेन यांच्या कंपनीने १९९४ साली ‘स्पॉन’ची मालिका आणली आणि शिल्पकामाची बारीकी एकदम वाढली. दोषही बदलले. रंगाचा थर सांध्यात उतरून तो जखडतो आणि जबरदस्ती केली की खुंटी तुटते. पॅकेटमध्ये दबून तलवारी आणि पाय वाकतात. यावरचे उपाय आता सर्वपरिचित आहेत : वाकलेला भाग कढत पाण्यात मऊ करून सरळ धरावा आणि लगेच थंड पाण्यात बुडवावा, जखडलेला सांधाही असाच गरम करून हलक्या हाताने फिरवावा.

२२/
त्यानंतरचा टप्पा महागड्या एक-षष्ठांश मापाच्या पुतळ्यांचा. हाँगकाँगच्या ‘हॉट टॉइज’सारख्या कंपन्यांनी हुबेहूब चेहरे आणि शिवलेले पोशाख आणले. त्या पोशाखांतील कृत्रिम चामडे पुष्कळदा पॉलियुरेथेनचे असते आणि पॉलियुरेथेन हवेतील बाष्पाने विघटित होते. काही वर्षांत जाकिटाचे पापुद्रे सुटू लागतात. कोरड्या प्रदेशात ही क्रिया सावकाश चालते. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात तिला वेग येतो. काचेच्या कपाटात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे आणि थेट ऊन टाळणे एवढेच हाती राहते. ही जीर्णता लांबवता येते, थांबवता येत नाही.

२३/
आता मूळ प्रश्न : दुरुस्ती किती करावी? योगायोग असा की, पहिला ‘जी. आय. जो’ बाजारात आला त्याच वर्षी, १९६४ मध्ये, वास्तुसंवर्धनाची व्हेनिस सनद संमत झाली. तिची दोन तत्त्वे इथे तंतोतंत लागू पडतात. जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा. आणि नव्याने घातलेला भाग मूळ रचनेशी सुसंगत असावा, पण मुळापासून वेगळा ओळखता यावा. किल्ल्यांच्या तटबंदीत चुन्याऐवजी सिमेंट भरण्यावरून आपण जो वाद घालतो, तो याच तत्त्वांचा वाद आहे. चुना काढता येतो. सिमेंट दगडासकटच निघते.

२४/
खेळण्यांच्या जगात सिमेंटची जागा सुपरग्लूने घेतली आहे. तो सांध्यात झिरपला की सांधा कायमचा मिटतो. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरा धुरकटपणा येतो. याउलट ओ-रिंग बदलणे ही आदर्श दुरुस्ती : मूळ भागाला धक्का नाही, केव्हाही परत फिरवता येते. सैल सांध्यावर पातळ अ‍ॅक्रिलिक पॉलिशचा थर देणे त्याच्या जवळ जाणारे. तुटक्या अंगठ्याला बारीक तार घालून जोडणे मध्यम. पुन्हा रंगवणे, पेरॉक्साइडने उजळवणे आणि मूळ खुणा घासून काढणे ही उतरती भाजणी. परत फिरता येते का, हा एकच प्रश्न प्रत्येक पायरीवर विचारावा.

२५/
कारण दुरुस्ती आणि बनावट यांच्यामधली भिंत फार पातळ आहे. व्हिनाइल झग्याचा ‘जावा’ महाग झाल्यावर दुसऱ्या पुतळ्यांचे झगे कापून तसे जावा तयार करण्यात आले. हरवलेल्या शस्त्रांच्या नव्या प्रतिकृती सर्रास मिळतात. अस्सल शस्त्र पाण्यावर तरंगते, नक्कल बुडते, अशी एक कसोटी प्रचलित आहे. पण तीही खात्रीची नाही. स्वतःच्या कपाटातल्या पुतळ्याच्या हाती प्रतिकृती देण्यात वावगे काही नाही. ती गोष्ट न सांगता तो पुतळा पुढे विकणे म्हणजे बनावट ताम्रपट करणे. दोहोंत फरक हाताच्या कौशल्याचा नसतो. फरक असतो नोंदीचा.

२६/
म्हणून नोंद ठेवा. उघडण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्र घ्या. पाठीवरचा आणि पायांवरचा कोरीव मजकूर टिपून ठेवा. हाँगकाँग की भारत, साल कोणते, कंपनी कोणती. तुटलेले कडे फेकू नका, लहान पाकिटात तारीख घालून जपा. कोणता भाग बदलला, कशाने जोडला, हे चिठ्ठीवर लिहून पुतळ्यासोबत ठेवा. मऊ आणि कडक प्लॅस्टिक एकमेकांना टेकू देऊ नका. माळ्यावरच्या उष्णतेपेक्षा घरातले अंधारे, थंड कपाट केव्हाही बरे. यासाठी पैसे लागत नाहीत, शिस्त लागते.

२७/
अमेरिकेत रोचेस्टर येथील ‘स्ट्राँग’ संग्रहालयाच्या राष्ट्रीय खेळणी दालनात ‘जी. आय. जो’ २००४ साली आणि स्टार वॉर्सचे पुतळे २०१२ साली समाविष्ट झाले. तिथे त्यांचा इतिहास सांभाळला जाईल. गोव्यात घडलेल्या पुतळ्यांचे तसे नाही. घर बदलताना, माळा आवरताना ते भंगारात गेले. जे उरले त्यांतले पुष्कळ परदेशी संग्राहकांकडे पोहोचले. उदारीकरणाच्या उंबरठ्यावरच्या भारतीय बालपणाचा हा दस्तऐवज आता मुख्यतः घरोघरच्या खोक्यांत विखुरलेला आहे आणि त्याचे रबर रोज थोडे थोडे तडकते आहे.

२८/
मातीच्या बैलाचा दोरा कोणी जपला नाही. म्हणून तो कशाचा होता, कसा ओवला होता, किती वेळा बदलला गेला, हे आपल्याला केवळ अनुमानानेच सांगावे लागते. पावणेचार इंची सैनिकाचे कडे मात्र आज आपल्या हातात आहे, तुटलेले का होईना. नवे कडे घालून त्याला जरूर उभा करा. खेळणे हलावे यासाठीच ते घडले होते. फक्त जुन्या कड्याची चिठ्ठी लिहायला विसरू नका.

धागा समाप्त. आपल्या घरी फनस्कूलचा एखादा पुतळा असेल, तर त्याच्या पाठीवरचा मजकूर आणि रंगांचे छायाचित्र खाली जरूर द्या. पाठभेदांची सूची आपण मिळून करू.